बिनटाक्याचा डोळा

"टाका लागत नाही, मास्तर. आपोआप मिटतं," असं डॉक्टरबाई हसून म्हणाल्या आणि आमच्या घराची झोप उडाली.

बाईंचा हेतू चांगला होता. मोतीबिंदू काढून झाला की हे वाक्य त्या सगळ्यांनाच ऐकवत असणार, आणि सगळे "काय पुढे गेलंय हो सगळं" म्हणत खुशीत घरी जात असणार. पण माझे वडील शिंपी. उभा जन्म कापण्यात आणि कापलेलं शिवण्यात गेलेला. त्यांच्या शास्त्रात पापं दोनच: मापाशिवाय कापणं आणि कापून तसंच ठेवणं.

"म्हणजे कापलंय?" त्यांनी विचारलं.

"अगदी बारीक. तांदळाच्या दाण्याच्या निम्मं."

"आणि उघडंच?"

"उघडं नाही हो. काप तिरका घेतलेला असतो. आतून डोळ्याचा दाब येतो आणि तो आपला आपण दाबून बंद होतो."

"मास्तर, अस्तर नको, असंच शिवा" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे वडील ज्या नजरेनं पाहतात, त्याच नजरेनं त्यांनी बाईंकडे पाहिलं. खरं म्हणजे पाहिलं असणार. ऑपरेशनच्या डोळ्यावर भोकाभोकांचं प्लास्टिकचं झाकण होतं, आणि दुसरा डोळा नसल्यातच जमा. मी शाळेत असताना जाड कापडावर मशीनची सुई मोडली आणि तिचा तुकडा उडाला. तेव्हापासून डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. बाकी सगळा कारभार उजव्याकडे. आणि उजव्याला आता भोक पाडून, न शिवता, घरी पाठवलं होतं.

मी शिकलेला माणूस, मी त्यांची समजूत घालायला हवी होती. पण मी पाणीखात्यात आहे. गळतीच्या तक्रारी माझ्याच टेबलावर येतात. "आतून दाब येतो आणि जोड आपोआप बंद होतो" हे वाक्य मी नोकरीत अनेकदा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी त्यानंतर रस्ता खणावा लागलाय. तेव्हा जिन्यावरून वडिलांना हात धरून वर नेताना मी एवढंच म्हणालो, "सावकाश. धक्का नको."

"धक्का बसला तर काय होईल?" ते जागच्या जागी थांबले.

"काही नाही."

"मग सावकाश कशाला?"

आम्ही सावकाश गेलो.

घरी आल्यावर मास्तर (दुकानात आणि बाहेर सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, रागावलो की मीही) सरळ पाठीच्या खुर्चीत बसले ते डोक्यावर भरलेली कळशी असल्यासारखे. बाईंनी काही दिवस वाकू नका, जड उचलू नका, डोळा चोळू नका, एवढंच सांगितलं होतं. बाकीचे नियम घरी तयार झाले. शिंक येईल म्हणून आईनं कांदा चिरणं बंद केलं. धूळ उडेल म्हणून झाडू कोपऱ्यात गेला. मास्तर बसल्या बसल्या झोपायला लागले. कूस बदलताना जे आत आहे ते बाहेर येईल, अशी त्यांना खात्री होती.

"मला हसवू नका," त्यांनी बजावलं. "हसलं की दाब येतो."

आमच्या घरात हा धोका कधीच नव्हता.

थेंबांचं काम माझ्या बायकोनं आपणहून घेतलं होतं. दिवसातून चारदा बाटलीतला एकेक थेंब. पण मास्तरांनी ते परत घेतलं. "माझ्या डोळ्याशी दुसऱ्याचा हात नको. जन्मभर सुईत दोरा ओवलाय मी, थेंब घालता येणार नाही?" मग वेळ झाली की ते आतल्या खोलीत जायचे, दार लोटायचे, बाटलीच्या झाकणाचा टक् असा आवाज यायचा, आणि थोड्या वेळानं रुमालानं गाल टिपत बाहेर यायचे. आम्ही एकमेकांकडे पाहून माना डोलवायचो. म्हातारा शहाणा झाला, असा आमचा समज झाला.

मग वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या.

काकूंचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले, म्हणून ते बँकवाले काका. त्यांचाही मोतीबिंदू त्याच दिवशी, त्याच बाईंनी काढला होता. मास्तरांची आणि त्यांची जुनी दोस्ती. काकांच्या पँटी मास्तरच शिवतात. अलीकडच्या पँटींचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली लोंबतो आणि काका तशीच घालून फिरतात, कधी चकार शब्द नाही. भिडस्त माणूस, असं मी समजत होतो.

"मास्तरांना किती टाके?" काकूंनी चपला काढता काढता विचारलं.

"एकही नाही," आई म्हणाली. या वाक्यात अजून थोडा अभिमान शिल्लक होता.

काकूंचा चेहरा उतरला. "आमच्यांना एक घातलाय."

"एक?" आता आईचा चेहरा उतरला.

"एकच. दिसतसुद्धा नाही म्हणे."

"मग चांगलंय की. पक्कं काम झालं तुमचं."

"कुठलं पक्कं! तुमचंच सुरेख झालं, म्हणून शिवावं लागलं नाही. आमचं काहीतरी बिघडलं असणार. मला सांगत नाहीयेत."

"छे, छे! तुमच्याकडे लक्ष दिलं बाईंनी. आमच्यांना नुसतं झाकण लावून पाठवलं."

दोघी एकमेकींना धीर देत बसल्या, आणि जसजसा धीर देत गेल्या तसतसा दोघींचाही खचत गेला. शेवटी काकू चहा अर्धा ठेवून उठल्या. दारात म्हणाल्या, "काळजी करू नका हो." आई म्हणाली, "तुम्हीपण." दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. चांगल्या डोळ्यांत.

आतून मास्तरांचा आवाज आला. "म्हणजे दोरा होता त्यांच्याकडे."

"बाबा, प्रत्येकाला लागत नाही," बायको म्हणाली.

"दोरा होता, सुई होती, त्याला घातला. मला का नाही?"

"आपला नंबर जेवणाच्या सुट्टीच्या आधीचा शेवटचा होता," आई हळूच म्हणाली.

"आई, भूक लागली म्हणून कोणी डोळा उघडा टाकून जात नाही," मी म्हणालो.

"जातात," मास्तर म्हणाले. "अर्धं काज तसंच ठेवून मी कितीदा जेवायला उठलोय."

मी बाहेर गॅलरीत जाऊन दवाखान्यात फोन लावला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "नॉर्मल आहे, काका. थेंब चालू आहेत ना?"

"चालू आहेत," मी ठामपणे म्हणालो. टक् असा आवाज मी स्वतः ऐकला होता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी आईच्या लक्षात आलं की मास्तरांनी खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ केलीय.

"उजेड टोचतोय," ते म्हणाले.

"दुखतंय?"

"टोचतोय म्हटलं ना."

मी झाकण काढलं. डोळा लालभडक. मी हात पुढे केला. "किती बोटं आहेत, सांगा."

"तुझीच बोटं आहेत ना? तूच मोज."

"बाबा, सांगा."

ते बराच वेळ माझ्या हाताच्या दिशेनं पाहत राहिले. हाताच्या दिशेनं, हाताकडे नाही. मग म्हणाले, "हात आहे."

काल त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. किती वाजले ते सांगून त्यांनी आम्हाला वैताग आणला होता.

"उसवलं," आई म्हणाली आणि मटकन खाली बसली.

मी पटापट आवरलं. औषध बरोबर असावं म्हणून आतल्या खोलीतून थेंबांची बाटली उचलली, आणि तिथेच उभा राहिलो. पाणीखात्यातल्या माणसाला भरलेलं काय आणि रिकामं काय, हातात घेतल्यावर कळतं. बाटली उजेडात धरून पाहिली. गळ्यापर्यंत भरलेली.

"मास्तर, हे काय आहे?"

त्यांनी खिशातला रुमाल काढून त्याची घडी घातली.

"एकही थेंब घातला नाहीत तुम्ही?"

"उघड्या कडेला पाणी लावत नाहीत," ते खाली बघून म्हणाले.

"काय?"

"कापून ठेवलेल्या कापडाला पाणी लागलं की ते आटतं. कडेचे दोरे सुटतात. मग दोन बाजू जुळता जुळत नाहीत. त्याला टाका असता तर घातले असते मी थेंब. म्हटलं, आधी मिटू दे. मग घालू."

"मग आत जाऊन करत काय होतात?"

"झाकण उघडत होतो. लावत होतो."

"आणि रुमालानं काय टिपत होतात?"

"घाम," मास्तर म्हणाले.



टॅक्सीत मास्तर मध्ये, एका बाजूला आई, एका बाजूला मी. बायको पुढे. रस्त्यात गतिरोधक फार. पहिल्याच गतिरोधकावर आई ओरडली, "अरे हळू! डोळा उघडा आहे!"

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. "दोन्ही उघडे आहेत, मावशी."

कुणी हसलं नाही. हसण्यावर बंदीच होती.

दवाखान्यात बाई आत कुणाला तरी तपासत होत्या. बाकावर बसून मी दुकानाचा विचार करत होतो. ऑपरेशनला मास्तर तयार झाले ते एकाच कारणासाठी. सुईत दोरा जाईना. शेजारच्या दुकानातल्या माणसाला रोज "जरा ओवून दे रे" म्हणावं लागायचं, आणि तो ओवून द्यायचा, आणि ते त्यांना ऑपरेशनपेक्षा जास्त लागायचं. आता हाही डोळा गेला तर? मशीनवर हात ठेवून बसतील. पायडल मारतील. कापड कुठे संपतं आणि बोट कुठे सुरू होतं, ते कोण सांगणार?

"इतकी वर्षं माझा चेहरा त्यांना नीट दिसलेला नाही," आई शेजारून पुटपुटली. मास्तरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात. "ऑपरेशन ठरलं तेव्हा मला जरा धास्तीच वाटली होती. आता मेलं काय दिसायचं ते दिसू दे."

आम्हाला आत घेतलं. मास्तरांनी हनुवटी यंत्रावर टेकवली. बाईंनी डोळा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि पाहताना त्यांचं नेहमीचं हसू कुठेतरी गेलं.

"थेंब घालत होतात?"

खोलीत आम्ही चार माणसं. तिघं जमिनीकडे पाहत होतो.

"नाही," मास्तर म्हणाले. आणि मग कापड, पाणी, कड, सगळं शांतपणे सांगितलं, ट्रायल द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला उशीर का झाला ते सांगावं तसं.

बाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी एक कागदाची पट्टी काढली. "डोळ्याला रंग लावतेय. पिवळा दिसेल. काप गळत असेल तर त्या पिवळ्यात धार वाहताना दिसते."

हे मला समजलं. गळती सापडेना की आम्हीही पाण्यात रंग सोडतो आणि कुठल्या भिंतीतून बाहेर येतो ते बघत बसतो. आजवर प्रत्येक वेळी तो कुठून ना कुठून आलेलाच आहे. निळा दिवा लागला. बाईंनी बोटानं पापणीवरून हलकंसं दाबलं. आईनं माझं मनगट धरलं, ते सोडेचना.

"कोरडं," बाई म्हणाल्या.

"काय?"

"काप घट्ट मिटलाय. टिपूसही गळत नाहीये." त्या मागे सरकल्या. "पूही नाही, नशीब समजा. पण आत सूज भरपूर आहे. मास्तर, जे मिटलं होतं त्याची तुम्ही काळजी करत बसलात, आणि जे सुजत होतं त्याचं औषध बाटलीत ठेवलंत. ते थेंब त्या कापातून आत जात नसतात. सूज आणि जंतू, दोन्हीसाठी असतात ते. आणखी दोन दिवस असेच गेले असते तर मी काय सांगितलं असतं, मलाच माहीत नाही."

मास्तर हनुवटी यंत्रावरच ठेवून म्हणाले, "एक टाका घाला, बाई. मनाला बरं."

"घालेन. पण आधी सांगा, मलमलीवर दोरा ओढून घेतला तर काय होतं?"

"चुण्या पडतात."

"डोळ्याचा हा वरचा पडदा तसाच. ओढला की चुणी. आणि चुणीतून बघितलं की सरळ रेघ वाकडी."

मास्तर म्हणाले, "वरच्या मजल्यावर एकाला घातलाय तुम्ही."

"दुसऱ्या पेशंटचं मी सांगणार नाही. पण कुणाचा मोतीबिंदू पिकून दगड झालेला असतो, काप मोठा घ्यावा लागतो. कुणाची कड नीट बसत नाही. मग एखादा घालतो. जखम भरली की तो काढूनच टाकायचा असतो."

"म्हणजे कच्चा टाका."

"कच्चा टाका."

"तसं आधी सांगायचं," मास्तर म्हणाले, आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसले.

"दिसेल ना?" आईनं विचारलं.

"सूज उतरली तर दिसेल. उतरेल असं वाटतंय. उद्या परत आणा."

"असं वाटतंय" हे डॉक्टरी भाषेतलं फार पातळ कापड आहे. ते पांघरून आम्ही घरी आलो.

आता थेंब तासातासाला होते आणि बाटली बायकोच्या ताब्यात होती. ती पापणी ओढायची, मास्तर खुर्चीचे हात आवळून धरायचे, थेंब पडायचा, आणि आम्ही सगळे श्वास सोडायचो. प्रत्येक थेंबानंतर आई विचारायची, "दिसतंय?"

"आत्ता तर घातला."

"तरी."

"उजेड आहे."

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, थोडं बरं आहे. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाल्या, बरं आहे. 'थोडं' गेलं म्हणून आईला कोण आनंद. पण घरी उत्तर तेच येत होतं. उजेड आहे. हात आहे. कोणीतरी उभं आहे. मी ऑफिसात जाऊन गळतीचे अर्ज समोर घेऊन नुसता बसायचो. फोन वाजला की घरचाच वाटायचा, आणि तो कुणाच्या तरी फुटलेल्या पाइपाचा निघाला की मी इतक्या प्रेमानं बोलायचो की तक्रार करणाऱ्यालाच संशय यायचा.

मग एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, मास्तर आपलं आपणच म्हणाले, "खिडकीच्या गजाला गंज चढलाय."

आई आतून धावत आली. "काय म्हणालात?"

"गंज चढलाय म्हटलं. कुणाचं लक्ष नाही या घरात."

गंजानं एवढा आनंद झालेलं घर दुसरं नसेल. बायको खिडकीजवळ जाऊन तो गंज हातानं पाहून आली. आई मात्र पदरानं तोंड पुसत मास्तरांच्या समोर उभी राहिली, बरीच जवळ. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"काय?" आई म्हणाली.

"काही नाही," ते म्हणाले. "जरा बारीक झालीस."

त्याच आठवड्यात बँकवाले काका आणि काकू खाली आले. काकांच्या डोळ्यावर काळा चष्मा, चेहऱ्यावर आजाऱ्याचा रुबाब. "काय मास्तर, तुमचं बिनटाक्याचं काय म्हणतंय?"

"तुमच्या कच्च्या टाक्याचं काय म्हणतंय?"

काका काही बोलणार इतक्यात मास्तरांची नजर खाली गेली आणि तिथेच अडकली. त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी चढली.

"ही पँट कुणी शिवली?"

आई छताकडे बघायला लागली. मी गंजाकडे.

"तुम्हीच," काका म्हणाले.

"एक पाय लांब आहे."

"हो ना," काका एकदम उत्साहानं म्हणाले. "मलाही परवाच दिसलं! म्हटलं डोळ्यात टाका आहे, त्यानं वाकडं दिसत असेल."

"आणि आधी?"

"आधी बरोबर दिसायची. तुम्हाला?"

"मलाही," मास्तर म्हणाले.

एवढ्या वर्षांत बाहेर गेलेले बाकीचे कपडे मास्तरांच्या डोळ्यांपुढून जात असावेत. मग ते उठले, कपाटातून खडू आणि टाचण्या काढल्या.

"काढा."

"आत्ता? वहिनी आहेत, सूनबाई आहे..."

"मग उभे राहा सरळ." आणि कुणी काही म्हणायच्या आत ते गुडघ्यांवर बसले आणि पार जमिनीपर्यंत वाकले. वाकायला बाईंनी कालच परवानगी दिली होती. आईनं दिली नव्हती.

"बाबा!" "मास्तर!" "अहो!" आम्ही एकदमच ओरडलो.

टाचण्या तोंडात धरल्यामुळे मास्तरांना उत्तर देता येत नव्हतं. पँटीकडे बघणारे ते एकटेच. बाकी आम्ही सगळे त्यांच्या डोळ्याकडे बघत होतो. आई त्यांच्याजवळ खाली बसली, आणि तिनं दोन्ही हातांची ओंजळ करून ती त्यांच्या चेहऱ्याखाली धरली. काय पडेल म्हणून ते तिलाही सांगता आलं नसतं. मास्तरांनी पहिली टाचणी लावली. दुसरी लावली. खडूची रेघ मारली, बारीक आणि सरळ. मग तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"अगं, हात काढ," ते म्हणाले. "उजेड अडतोय."